एकाच रस्त्यावरचे दोन मोर्चे



मुंबईतील ऑगस्ट क्रांती मैदान आणि गिरगाव चौपाटी यांमधील अंतर पायी चालून जाण्यास अर्धा तासही लागत नाही. तथापि देशाच्या राजकीय इतिहासात या लहानशा रस्त्याइतके वजन फार थोड्या रस्त्यांना लाभले असेल. 8 ऑगस्ट 1942 रोजी याच मैदानावर, तेव्हाच्या गोवालिया टँकवर, ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला. ती घोषणा देण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते युसुफ मेहेरअली त्या वर्षी मुंबईचे महापौर होते आणि समाजवादी चळवळीचे एक आधारस्तंभ होते. दुसऱ्या दिवशी नेते तुरुंगात असताना अरुणा असफअली यांनी येथे झेंडा फडकविला. त्या दिवसाच्या स्मरणार्थ समाजवादी आणि गांधीवादी कार्यकर्ते वर्षानुवर्षे 9 ऑगस्टला चौपाटीवरील लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापासून या मैदानापर्यंत पायी जात आले आहेत. 2025 मध्ये वयाची शंभरी गाठून निवर्तलेले डॉ. जी. जी. पारीख हे या पदयात्रेचे दीर्घकाळ प्राण होते.

याच रस्त्यावरून, परंतु उलट दिशेने, 16 ऑगस्ट 2008 रोजी आणखी एक मोर्चा निघाला. ऑगस्ट क्रांती मैदानातून निघून तो गिरगाव चौपाटीवर पोहोचला. त्यात समलिंगी स्त्रिया होत्या, समलिंगी पुरुष होते, हिजडा समाजातील माणसे होती, त्यांचे मित्र होते. मोर्चाला नाव होते ‘क्वीअर आझादी’. ‘क्वीअर’ हा इंग्रजीत ‘विचित्र’ या अर्थाचा, हिणवण्यासाठी फेकला जाणारा शब्द. ज्यांच्यावर तो फेकला गेला त्यांनी तो उचलून स्वतःचे नाव म्हणून मिरविला. महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. ‘दलित’ म्हणजे भरडलेला. त्या शब्दाला मुंबईच्या वस्त्यांतील तरुणांनी 1972 नंतर स्वाभिमानाचा अर्थ कसा दिला, हे या महाराष्ट्राने पाहिलेले आहे. मोर्चासाठी दिवस निवडला होता तो स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवसाचा. देश स्वतंत्र झाला, आता आमचे काय, असा त्या निवडीतील प्रश्न होता. त्या दिवशी केलेली एक मागणी अशी, की भारतीय दंडसंहितेचे 377 वे कलम या देशावर लादल्याबद्दल ब्रिटिश सरकारने क्षमा मागावी.

या दोन मोर्चांचा परस्परांशी काही संबंध आहे काय? अनेक निष्ठावंत कार्यकर्त्यांना तो दिसत नाही. एक मोर्चा राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा. दुसरा, त्यांच्या मते, काही व्यक्तींच्या खासगी जीवनाचा. प्रस्तुत विवेचनाचा हेतू इतकाच, की हा संबंध केवळ रस्त्याचा नाही, तो कायद्याचा आहे, पोटापाण्याचा आहे आणि म्हणून राजकारणाचाही आहे.

प्रथम कायद्याचा विचार करू. मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने दंडसंहितेचा मसुदा 1837 मध्ये तयार केला. ती 1860 मध्ये संमत झाली आणि 1 जानेवारी 1862 पासून अंमलात आली. तिच्या 377 व्या कलमाने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंध हा जन्मठेपेपर्यंत शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरविला. दोन सज्ञान माणसांची परस्परसंमती हा त्यावर बचाव नव्हता. पुढे 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. महाराष्ट्रातील भटक्या-विमुक्तांच्या चळवळीमुळे या कायद्याचे नाव कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. त्याचा दुसरा भाग मात्र क्वचितच कोणी वाचतो. तो भाग हिजडा समाजासंबंधी होता. सरकारने त्यांची नोंदणी करावी, त्यांनी सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेषात वावरू नये, नाचगाणे करू नये, असे निर्बंध त्यात होते. म्हणजे पारध्याला जन्मतः चोर ठरविणाऱ्या आणि हिजड्याला वेषावरून गुन्हेगार ठरविणाऱ्या तरतुदी एकाच कायद्याच्या पोटात होत्या. ज्या राज्यकर्त्याला प्रजेकडून कर, श्रम आणि शिस्त हवी असते, त्याला एका चौकटीत न बसणारे कोणतेही जीवन संशयास्पद वाटते. विमुक्तांची मुक्ती हा आपल्या कार्यक्रमाचा भाग असेल, तर त्याच कायद्याचा दुसरा भाग आपल्या विचाराबाहेर कसा राहू शकतो?

हा विषय परदेशातून आला, असे म्हणणाऱ्यांनी मुंबईच्याच इतिहासातील आणखी एक पान उलटावे. र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते त्यात निर्भीडपणे उत्तरे देत. या उत्तरांबद्दल 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. आक्षेप घेतलेल्या मजकुरात समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नाचाही समावेश होता. कर्वे यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर शास्त्रीय बुद्धीने लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्वे यांना दंड झाला. परंतु परळच्या दामोदर हॉलमधून अस्पृश्यांच्या चळवळीचा कारभार चालविणाऱ्या नेत्याला हा प्रश्न आपल्या लढ्याला कमीपणा आणणारा वाटला नाही, ही गोष्ट आजच्या कार्यकर्त्याने मनात धरून ठेवावी अशी आहे.

स्वातंत्र्यानंतर संविधान आले, गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 मध्ये गेला, परंतु 377 वे कलम राहिले. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने 1981 मध्ये एका समलिंगी स्त्रीला मराठी रंगमंचावर नायिका म्हणून आणले. अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले. 1994 मध्ये हमसफर ट्रस्टची स्थापना झाली, 1995 मध्ये स्त्रियांचा ‘स्त्री संगम’ हा गट उभा राहिला. तोच पुढे ‘लेबिया’ या नावाने ओळखला जाऊ लागला. या काळात डाव्या आणि समाजवादी पक्षांनी काय केले? बहुतेकांनी मौन पाळले. काहींनी त्याहून वाईट केले. 1994 च्या डिसेंबरमध्ये मुंबईत समलिंगी पुरुषांची परिषद भरणार होती, तेव्हा डाव्या विचारांच्या एका अखिल भारतीय महिला संघटनेच्या नेतृत्वाने ती थांबविण्याची मागणी थेट पंतप्रधानांकडे केली. भारतीय संस्कृतीवरील आक्रमणाची जी भाषा आपण उजव्यांच्या तोंडी ऐकतो, तीच त्या वेळी डाव्यांच्याही तोंडी होती. चारच वर्षांनी, डिसेंबर 1998 मध्ये, शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी ‘फायर’ हा चित्रपट चालू असलेल्या मुंबईतील चित्रपटगृहावर हल्ला चढविला, तेव्हा त्या भाषेचा खरा धनी कोण हे स्पष्ट झाले.

वार्षिक अभिमान-मोर्चाची प्रथा जगात सुरू झाली ती न्यूयॉर्कमध्ये. 28 जून 1969 रोजी तेथील ‘स्टोनवॉल’ या मद्यगृहावर पोलिसांनी छापा घातला आणि एरवी मान खाली घालून निघून जाणारी माणसे प्रतिकारास उभी राहिली. वर्षभराने, त्याच दिवशी, पहिला मोर्चा निघाला. भारतात 2 जुलै 1999 रोजी कोलकात्यात पंधरा माणसे ‘मैत्री पदयात्रा’ म्हणून चालली. दक्षिण आशियातील तो पहिला मोर्चा मानला जातो. 29 जून 2008 रोजी दिल्ली आणि बंगळुरूनेही ही वाट धरली आणि त्यानंतर सात आठवड्यांनी मुंबईचा मोर्चा निघाला. भारतातील त्या सुरुवातीच्या मोर्चांत काही माणसे मुखवटे घालून चालत. ज्याचे नाव अभिमान, त्यात तोंड झाकावे लागावे, याला कोणी विसंगती म्हणेल. वस्तुतः तो परिस्थितीचा सर्वांत प्रामाणिक अहवाल होता. संपात उतरल्याचे कळले तर नोकरी जाते; येथे केवळ चालल्याचे कळले तर नोकरी, घर आणि आईवडील ही तिन्ही जाण्याची भीती होती.

पहिल्या मोर्चानंतर वर्षभरातच, 2 जुलै 2009 रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या खटल्यात सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना 377 व्या कलमातून वगळले. 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. ही माणसे लोकसंख्येचा अत्यल्प अंश आहेत आणि दीडशे वर्षांत दोनशेहून कमी लोकांवर खटले झाले, असे कारण त्या निकालात दिले गेले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या हिशेबातील चूक लगेच दिसते. कायद्याच्या धाकाची किंमत न्यायालयातील खटल्यांत मोजता येत नाही. ती मोजावी लागते रेल्वे स्थानकावर आणि बागेत, ‘आत टाकीन’ म्हणून उकळलेल्या पैशात, जुळवून दिलेल्या लग्नांत आणि त्या लग्नांत कोमेजलेल्या स्त्रियांत. खटले थोडे होते, कारण धाक पुरेसा होता.

त्या निकालानंतरही मुंबईचा मोर्चा थांबला नाही. एव्हाना तो ऑगस्टच्या पावसातून जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीकडे सरकला होता. 2014 च्या आरंभी माणसे पुन्हा ऑगस्ट क्रांती मैदानात जमली, आणि ती आता कायद्याने पुन्हा गुन्हेगार होती. न्यायालयाने एकदा दिलेले, मग काढून घेतलेले आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी नवतेज जोहर खटल्यात पुन्हा दिलेले स्वातंत्र्य या माणसांनी मधल्या पाच वर्षांत रस्त्यावर जिवंत ठेवले. 2018 च्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी इतिहासाने या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची क्षमा मागावयास हवी, या आशयाचे उद्गार काढले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी वसाहतींवर लादलेल्या अशा कायद्यांबद्दल खेद व्यक्त केला होता. गिरगावच्या रस्त्यावर 2008 मध्ये केलेली आणि अनेकांना हास्यास्पद वाटलेली मागणी दहा वर्षांत जगाच्या व्यासपीठावर पोहोचली होती.

आता 2020 कडे वळावे लागेल. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध देशभर आंदोलने चालू होती. त्या वातावरणात पोलिसांनी मोर्चाला ऑगस्ट क्रांती मैदानातून निघण्याची परवानगी नाकारली. मोर्चाऐवजी 1 फेब्रुवारीला आझाद मैदानात केवळ सभा भरली. तेथे काही तरुणांनी तुरुंगातील एका विद्यार्थी नेत्याच्या समर्थनार्थ घोषणा दिल्या. आयोजकांनी त्या घोषणांशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले. पोलिसांनी घोषणा देणाऱ्यांवर राजद्रोहाचा, म्हणजे 124-अ कलमाचा गुन्हा नोंदविला.

साथींनो, येथे क्षणभर थांबून विचार करणे अगत्याचे आहे. 124-अ हे कलम त्याच दंडसंहितेत 1870 मध्ये घालण्यात आले. याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना 1897 मध्ये आणि पुन्हा 1908 मध्ये मुंबईत शिक्षा झाली. 1908 च्या सहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. या देशातील कामगारवर्गाच्या राजकीय जागृतीचा तो आरंभ मानला जातो. 2008 चा मोर्चा जेथे पोहोचला त्या चौपाटीवर त्याच टिळकांचा पुतळा आहे. एका कलमातून सुटलेली माणसे सतरा महिन्यांच्या आत त्याच पुस्तकातील दुसऱ्या कलमात अडकली, याचा अर्थ काय? अर्थ असा, की राज्यसंस्था शयनगृहातून बाहेर पडली म्हणजे ती रस्त्यावरूनही बाजूला झाली, असे होत नाही. आयोजकांच्या भीतीचा उपहास करू नये. ज्यांच्या पाठीशी कोणताही मोठा पक्ष नाही त्यांनी सावध राहणे स्वाभाविक आहे. खेद करावयाचा असेल तर तो त्यांच्या पाठीशी पक्ष नव्हते याचा करावा. पुढे 2022 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने 124-अ स्थगित ठेवले, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत 377 चा मागमूस राहिला नाही. मात्र 124-अ चा आशय 152 व्या कलमाच्या रूपाने राहिला. आणि दुसऱ्या मोर्चाचे काय? 9 ऑगस्ट 2023 रोजी क्रांतिदिनाच्या पदयात्रेसाठी निघालेल्या तुषार गांधी यांना पोलिसांनी सांताक्रूझ येथेच ताब्यात घेतले. समलिंगींच्या मोर्चाला मैदान नाकारणारा हात गांधीवाद्यांच्या मोर्चालाही रस्ता नाकारतो. दोन्ही मोर्चांचे स्वातंत्र्य एकच आहे, हे आणखी कोणत्या पुराव्याने सिद्ध व्हावे?

दुसरा आक्षेप असा, की हा सुखवस्तू इंग्रजी जाणणाऱ्यांचा प्रश्न आहे. कामगाराला आधी भाकरी हवी. या आक्षेपाचे उत्तर भाकरीच्याच भाषेत दिले पाहिजे. ऑपेरा हाउसपासून गिरगावपर्यंतच्या जुन्या चाळींत पागडीची खोली म्हणजे कुटुंबाची सारी मालमत्ता. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरू वारल्यावर भाडेहक्क जातो तो त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे, आणि तसा कोणी नसेल तर वारसाकडे. वीस वर्षे एका खोलीत संसार केलेल्या दोन स्त्रियांपैकी भाडेपावती जिच्या नावावर आहे ती गेली, तर दुसरी कायद्याच्या दृष्टीने कोण? लालबाग-परळच्या बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी घरांची योजना झाली. घर कामगाराला किंवा त्याच्या कायदेशीर वारसाला. आयुष्याच्या जोडीदाराचे नाव त्या वारसांत येत नाही. 1952 च्या भविष्यनिर्वाह निधी योजनेने कुटुंबाची व्याख्या केली ती पती-पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील अशी, आणि कुटुंब असलेल्याने त्या व्याख्येबाहेरच्या माणसाचे नामनिर्देशन केल्यास ते निरर्थक ठरविले. श्रीमंत माणूस वकील लावून मृत्युपत्र करतो, दुसरे घर घेतो. चाळीतल्या माणसाला दुसरे घर नसते. त्याचे सारे हक्क ‘कुटुंब’ या एका शब्दाच्या दारातून येतात. म्हणून या भेदाचा बोजा गरिबावर अधिक पडतो. हिजडा समाजाचे तर विचारूच नये. घरातून बाहेर काढलेल्याला शाळा नाही, शाळा नाही म्हणून नोकरी नाही, आणि मग सिग्नलवर पसरलेला हात पाहून समाज त्यांना कामचुकार म्हणतो.

17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि हक्कांचा विचार सरकारी समितीकडे सोपविला. 2024 मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केले, की अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एका घरातील मानावे आणि त्यांना बँकेत संयुक्त खाते उघडता येईल. हे पाऊल लहान आहे. परंतु रेशनकार्डावरचे नाव म्हणजे काय, हे मुंबईच्या कष्टकऱ्याला सांगावे लागत नाही.

कामगार चळवळीला या प्रश्नाशी जोडून घेता येते काय, याचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. ब्रिटनमधील खाण कामगारांचा संप मार्च 1984 ते मार्च 1985 असा वर्षभर चालला. लंडनमधील समलिंगी कार्यकर्त्यांनी ‘लेस्बियन्स अँड गेज सपोर्ट द मायनर्स’ या नावाने गट काढून संपकऱ्यांसाठी पैसे जमविले आणि ते साऊथ वेल्सच्या दुलाइस खोऱ्यात नेऊन दिले. खाणकामगारांच्या वस्तीने आधी बिचकत, मग मनापासून त्यांना घरात घेतले. संप हरला. परंतु जून 1985 च्या लंडनमधील अभिमान-मोर्चाच्या अग्रभागी खाणकामगार आपले झेंडे घेऊन चालले, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या परिषदेत समलिंगींच्या समान हक्कांचा ठराव खाणकामगार संघटनेच्या मतांच्या बळावर संमत झाला. आपल्या गिरणगावातील अडीच लाख कामगारांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला आणि तोही हरला. पराभवातूनही मैत्री निर्माण होते, हा धडा तिकडच्या कामगारांनी घेतला. तो येथेही घेता येईल.

या मोर्चात सारेच निर्दोष आहे, असे मानण्याचे कारण नाही. जगातील अनेक शहरांत बड्या कंपन्यांनी अशा मोर्चांवर आपले फलक चढविले आहेत. इंद्रधनुष्याची जाहिरात करणारी कंपनी आपल्या कंत्राटी कामगाराला किमान वेतन देते काय, हे विचारलेच पाहिजे. परंतु हे विचारण्याचा अधिकार बाहेर उभे राहून टीका करणाऱ्याला मिळत नाही. तो सोबत चालणाऱ्याला मिळतो. लाल झेंडा जेथे अनुपस्थित असतो, तेथील मोकळी जागा बाजार भरून काढतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? मोर्चाचे पुढारीपण मागण्याची गरज नाही. ते ज्यांचे आहे त्यांच्याकडेच असावे. आपल्या हाती आहेत त्या संस्थांपासून आरंभ करावा. कामगार संघटनेच्या मागणीपत्रात ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या रुंद करावी. आपल्या पतपेढ्या आणि गृहनिर्माण संस्था यांच्या पोटनियमांत सभासदाने निवडलेल्या जोडीदाराला स्थान मिळेल असा प्रयत्न करावा. कार्यालयाचे सभागृह या गटांना सभेसाठी मोकळे असावे. शाखेतील एखादा तरुण लग्नाला नकार देत असेल, तर त्याची समजूत घालण्याआधी त्याचे ऐकून घ्यावे. आणि मोर्चाला मैदान नाकारले जाईल त्या दिवशी परवानगी मागणाऱ्यांच्या रांगेत आपलाही अर्ज असावा.

मेहेरअलींचे निधन 2 जुलै 1950 रोजी झाले. त्याच तारखेला 1999 मध्ये कोलकात्यात पंधरा माणसे चालली आणि 2009 मध्ये दिल्लीचा निकाल लागला. हा निव्वळ योगायोग आहे आणि योगायोगावर राजकारण उभे करता येत नाही. परंतु एकाच रस्त्यावरून दोन मोर्चे निघतात हा योगायोग नव्हे. स्वातंत्र्य कोठे मागावे, हे या शहराने आपल्या सर्व माणसांना शिकविले आहे. ज्यांनी ते आधी मागितले, त्यांनी नंतर येणाऱ्यांसाठी रस्ता मोकळा ठेवावा, एवढे ऋण तरी त्यांच्यावर आहेच.